कोणता कागद किती वर्षं जपायचा? (पावसाळ्याआधीचा पाठ)

 

आजच्या बुधवारच्या पाठात पिकाचं काही नाही, कागदाचं आहे. जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तरी चालेल, पण पुसून टाकू नका. घरात जी व्यक्ती कागद सांभाळते (बहुतेक घरांत ती बाईमाणूसच असते) तिच्यापर्यंत नक्की पोचवा.

निमित्त दोन आहेत. मे महिन्यात घराची डागडुजी निघते, पत्रे बदलतात, पेट्या-डबे रिकामे होतात आणि जुने कागद चुलीत नाहीतर रद्दीत जातात. दुसरं, आपल्या कंपनीच्या गोदामावरची खोली कागदांच्या गठ्ठ्यांनी भरली आहे. पावसाळ्याआधी ती मोकळी करायचं संचालक मंडळानं ठरवलं आहे. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हा प्रश्न तुमच्या घरी आणि कंपनीत सारखाच आहे.

"किती वर्षं ठेवायचं?" म्हटलं की लोक एकच आकडा मागतात. तसा एक आकडा नाही. त्या व्यवहाराबद्दल आपल्याला कोणी प्रश्न विचारू शकतो, किंवा आपण दुसऱ्याला जाब विचारू शकतो, तोवर कागद ठेवायचा. बियाण्याला ही मुदत वेगळी, व्यापाऱ्याच्या बाकीला वेगळी, आणि जमिनीच्या कागदाला तर मुदतच नाही.

*बियाणं: पावती, टॅग, पिशवी*

पेरणी तोंडावर आली म्हणून हे आधी घेतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर किती ओरड झाली ते आठवत असेल. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं होतं. अशी तक्रार केली की तालुक्याची समिती शेतावर येते, पंचनामा करते. तिथं पहिला प्रश्न असतो, पावती कुठं आहे? दुसरा, लॉट नंबर कोणता? लॉट नंबर टॅगवर असतो, आणि टॅग तर पेरणीच्या घाईत बांधावर उडून गेलेला असतो. पिशवीत कोणीतरी भुईमुगाच्या शेंगा भरलेल्या असतात.

म्हणून यंदा पिशवी खालच्या बाजूनं उसवा, म्हणजे वरचा टॅग आणि लेबल शाबूत राहतं. मूठभर बियाणं त्याच पिशवीत राहू द्या. पिशवी, टॅग आणि ते बियाणं पीक घरात येईपर्यंत जपायचं.

पावती मात्र तीन वर्षं ठेवा. तीनच का? ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. आणि बियाणे नियमांप्रमाणे अधिसूचित वाणाचं बियाणं विकणाऱ्यानं प्रत्येक लॉटच्या विक्रीची नोंद तीन वर्षं ठेवायची असते. नमुना ठेवला असेल तर तो मात्र लॉट संपल्यावर एका वर्षानं टाकून देता येतो. म्हणजे तुमच्या पावतीवरचा लॉट नंबर विकणाऱ्याच्या दप्तराशी ताडून बघता येतो तो काळ तीन वर्षांचा. त्यानंतर त्याच्याकडेच काही राहिलं नसेल.

नमुना राहिला नाही म्हणून घाबरून जाऊ नका. बियाण्यांच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१२ साली सांगितलं आहे की शेतकरी हा ग्राहकच आहे, आणि आणलेलं सगळं बियाणं तो पेरून टाकणार, त्यानं नमुना राखून ठेवला असेल अशी अपेक्षा धरता येत नाही. पण पावतीच नसेल तर बियाणं त्या दुकानातून घेतलं हेच सांगता येत नाही, मग पुढचं सगळं बोलणं वाया.

दुकानदार ओळखीचा असला, उधारीवर देत असला, की पक्कं बिल मागायला आपल्याला संकोच वाटतो. कच्च्या चिठ्ठीवर काम भागवतो. मागा. आपल्या कंपनीच्या निविष्ठा केंद्रावरसुद्धा मागा. खत-औषधाच्या बिलांनाही हाच हिशेब लावा.

*मशीनची पावती उडते*

खताच्या ई-पॉस मशीनची चिठ्ठी, पेट्रोल पंपाची, काही वजनकाट्यांची, एटीएमची, या सगळ्या गुळगुळीत कागदावर उष्णतेनं छापलेल्या असतात. पत्र्याच्या डब्यात एक उन्हाळा काढला की कोरा कागद उरतो. मग तीन वर्षं जपून उपयोग काय? अशी पावती हातात आली की त्याच आठवड्यात झेरॉक्स काढा आणि दोन्ही एकत्र टाचून ठेवा. लॅमिनेशन अजिबात करू नका. त्या मशीनच्या गरमीनं अख्खी पावती काळी पडते.

मोबाइलवर फोटो काढणं चांगलंच, पण फोन विहिरीत पडतो, पोरं फोटो पुसतात. फोटो काढला की घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी फोनवरही पाठवून ठेवा. आणि मूळ कागद फेकू नका. तंटा झालाच तर मूळ कागदानं काम सोपं होतं, नुसत्या फोटोवर वाद वाढतो.

*विक्रीची पट्टी*

आपल्याकडे पट्टी बघतात ती रक्कम मोजण्यापुरती. पैसे मिळाले की चुरगळून खिशात, तिथून धुण्यात.

२०२३ चा लाल कांदा आठवा. १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागं जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत अनुदान मिळालं. हिशेब करा, पूर्ण २०० क्विंटल असेल तर ७०,००० रुपये. अर्ज घेतले एप्रिलमध्ये, म्हणजे कांदा विकून झाल्यावर. आणि अर्जाला काय लागलं? विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद. फेब्रुवारीत पट्टी फेकताना त्या कागदाची किंमत एप्रिलमध्ये काय होणार हे कोणाला माहीत होतं?

पट्टी तीन वर्षं ठेवा हा किमान हिशेब. पैसे वसुलीचा दावा लावायला कायद्यानं साधारण तीन वर्षांचीच मुदत आहे. इथं द्राक्षवाल्यांनी नीट लक्ष द्या. कांद्याला निदान बाजार समितीची पट्टी असते. द्राक्षाचा सौदा बागेतच होतो, व्यापारी परगावचा, वजन वहीच्या पानावर लिहितो, थोडे पैसे देतो आणि "बाकीचे पुढच्या गाडीला" म्हणून जातो. पुढची गाडी येत नाही. मग आपण फोनवर फोन करत राहतो, "देतो देतो" ऐकत राहतो, आणि त्यात मुदत निघून जाते. तोंडी "देतो" म्हणण्यानं मुदत वाढत नाही. पण तीन वर्षं संपायच्या आत त्यानं "अमुक इतकी बाकी आहे" असं लिहून, तारीख टाकून सही करून दिलं, तर त्या तारखेपासून तीन वर्षं नव्यानं मोजली जातात. म्हणून बाकी राहिली तर दरवर्षी दिवाळीच्या सुमारास सहीनिशी लिहून घ्यायची सवय ठेवा. व्यापाऱ्याच्या आधार कार्डाची प्रत, गाडीचा नंबर, ज्या खात्यातून आधीचे पैसे आले त्याची नोंद, सगळं त्या चिठ्ठीला जोडून ठेवा. पूर्ण पैसे मिळेपर्यंत यातलं काही काढायचं नाही.

*सोसायटी आणि बँक*

पीककर्ज भरल्याच्या पावत्या कर्ज फिटलं की लोक फाडून टाकतात. २०२२ च्या जुलैत नियमित कर्ज भरणाऱ्यांना ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्याचा निर्णय झाला तेव्हा २०१७-१८, २०१८-१९ आणि २०१९-२० या तीन वर्षांतली कोणतीही दोन वर्षं वेळेत फेड झालेली आहे का, हे पाहिलं गेलं. पाच वर्षांपूर्वीची फेड! सोसायटीच्या दप्तरात तुमची तारीख चुकीची चढली असेल तर ती दुरुस्त करायला तुमच्याकडे भरणा पावतीशिवाय दुसरं काय असतं? कर्जाचे कागद आठ वर्षं ठेवा असं आमचं मत. हा आकडा कायद्याचा नाही, अनुभवाचा आहे.

बेबाकी दाखला मात्र कायमचा. आणि दाखला मिळाला म्हणजे काम झालं असं नाही, सातबाऱ्याच्या इतर हक्कातला बोजा कमी झाला का ते उतारा काढून बघा. जमिनीचं खरेदीखत, वाटणीपत्र, मोजणीचा नकाशा, फेरफार, विहीर-बोअरचे कागद यांना वर्षं विचारूच नका. ते नातवंडांसाठी आहेत.

*आता कंपनीचं दप्तर*

हे सभासदांनी का वाचायचं? कंपनी तुमची आहे आणि तुमचा पैसा त्या दप्तरात लिहिलेला आहे म्हणून.

कंपनी कायदा सांगतो की हिशेबाची पुस्तकं आणि त्यामागची व्हाउचरं मागच्या आठ आर्थिक वर्षांची हवीतच. २०२५-२६ हे वर्ष चालू असेल, तर २०१७-१८ पासून २०२४-२५ पर्यंतचं सगळं जागेवर पाहिजे. संचालक मंडळाच्या सूचना, अजेंडा, हजेरीपट यांनाही आठ वर्षं. जीएसटीचा हिशेब वेगळा चालतो. त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरायच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला होतं, तेव्हा ती बिलं डिसेंबर २०३० पर्यंत. अपील किंवा चौकशी चालू असेल तर निकालानंतर आणखी एक वर्ष किंवा ही मुदत, जे नंतर येईल ते. डाळीच्या युनिटमधल्या साफसफाईच्या आणि तपासणीच्या नोंदी एक वर्ष किंवा मालाच्या टिकाऊपणाची मुदत, यातलं जे जास्त ते. संगणकावरच्या हिशेबालाही सूट नाही. एप्रिल २०२३ पासून कोणती नोंद कधी बदलली याची खूण राहील असंच सॉफ्टवेअर कंपन्यांना वापरावं लागतं, आणि ती खूणही आठ वर्षं जपायची आहे.

सभासद नोंदवही आणि सभांची इतिवृत्तं कधीच काढायची नाहीत. तुमचा शेअर, वारसाची नोंद, कोणत्या सभेत कोणता ठराव झाला, सगळं त्यात असतं.

काही जण विचारतात, माल घातला की प्रत्येक वेळी सातबाऱ्याची प्रत कशाला मागता? एकाला दिवसाला १०,००० रुपयांवर रोखीनं दिलेला खर्च आयकरात धरला जात नाही. शेतमाल थेट पिकवणाऱ्याकडून घेतला असेल तर त्यातून सवलत आहे. पण पिकवणाराच होता हे कंपनीला वर्षं उलटल्यावरही दाखवावं लागतं. ती प्रत त्यासाठी. शक्यतो आम्ही खात्यावरच पैसे देतो, तरी प्रत लागते.

आणि आता तुमच्या घरच्या डब्याचा कंपनीच्या खोलीशी संबंध. उत्पादक कंपनीत नफ्यातून पेट्रोनेज बोनस दिला जातो तो शेअरवर नाही, तर तुम्ही कंपनीशी किती व्यवहार केला त्या प्रमाणात. तुम्ही ४० क्विंटल सोयाबीन घातलं आणि वहीत ४ लागलं, तर बोनसही तेवढाच कमी. ही चूक कोण पकडणार? लेखापरीक्षक कंपनीच्या वहीची कंपनीच्याच व्हाउचरशी गाठ घालतो. तुमच्या हातातली काटापट्टी त्याच्यासमोर नसते. ती फक्त तुमच्याकडे असते. म्हणून कंपनीच्या पावत्या वार्षिक सभा होऊन बोनस खात्यावर जमा होईपर्यंत तर ठेवाच, त्यापुढंही आठ वर्षं ठेवल्या तर उत्तम, कारण तेवढा काळ आमच्याकडची जोडीची प्रत सापडते.

*काढायचं तर कसं*

गोदामावरच्या खोलीतलं २०१६-१७ पर्यंतचं हिशेबाचं दप्तर आता कायद्यानं मोकळं झालं आहे. तरी ते सरसकट जाणार नाही. आधी यादी, मग मंडळाचा ठराव, ठरावाची इतिवृत्तात नोंद, मग कागद बारीक फाडून लगदा करायला. अनुदानातून घेतलेल्या मशिनरीचे कागद, मंजुरीपत्रं, आणि ज्या दोन व्यवहारांचा वाद चालू आहे त्यांची संपूर्ण फाइल बाजूला काढली आहे.

घरीसुद्धा अख्खा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊ नका. त्यात आधारच्या प्रती, पासबुकची पानं, सह्या असतात, एखादा कोरा चेकही निघतो. फाडून मगच द्या. ठेवायचे कागद वर्षावर गठ्ठे करून, जाड पिशवीत, जमिनीपासून वर आणि भिंतीपासून जरा लांब ठेवा. गठ्ठ्यावर वर्ष मोठ्या अक्षरात लिहा. रबर लावू नका, उन्हाळ्यात ते कागदाला चिकटतं. सुतळी बरी.

*कंपनीची विनंती:* २०१६-१७ पर्यंतच्या कोणत्याही व्यवहाराबद्दल तुमची शंका असेल, माल घातला पण नोंद नाही असं वाटत असेल, तर यादी मंडळापुढं जाण्याआधी, म्हणजे १० जूनच्या आत, कार्यालयात या. येताना तुमच्याकडची पावती आणि शेअर प्रमाणपत्राची प्रत आणा. सकाळी १० ते १ या वेळेत हिशेबनीस वही उघडून दाखवतील. ज्यांना येणं जमत नाही त्यांनी गटप्रमुखाकडे पावतीचा फोटो द्यावा, मूळ पावती देऊ नये.

पुढच्या बुधवारी सोयाबीनची घरची उगवणक्षमता तपासणी. १०० दाणे आणि एक गोणपाट तयार ठेवा.