अधिकारपद सोडून लोकांकडे

मोठेपणीं कोण होणार, असें विद्यार्थ्यांस विचारलें तर "कलेक्टर" हें उत्तर पुष्कळदां मिळतें. आणि पुष्कळ आईबापांचीही तीच इच्छा असते. ही इच्छा वाईट नाहीं. जिल्ह्याचा कारभार सचोटीच्या माणसाच्या हातीं असावा, यांत सर्वांचेंच हित आहे. परंतु येथें एक प्रश्न उभा राहतो : खुर्चीवरील माणूस प्रामाणिक असला, म्हणजे लांचलुचपत नाहींशी होते काय? या प्रश्नापायीं ज्यांनीं आपली खुर्चीच सोडली, अशा एका गृहस्थांचा वृत्तांत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हे गृहस्थ म्हणजे डॉ. जयप्रकाश नारायण. बिहारमधील आंदोलनाचे पुढारी व सन १९७९ मध्यें निवर्तलेले लोकनायक जयप्रकाश नारायण हे निराळे. नामसादृश्यानें वाचकांनीं घोटाळ्यांत पडूं नये. आमच्या चरित्रनायकांचा जन्म ता. १४ जानेवारी १९५६ रोजीं नागभीड येथें झाला. हें गांव आज महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यांत मोडतें. त्यांची भाषा मात्र तेलुगू, आणि त्यांचें बरेंचसें कार्यही तेलुगू मुलखांत घडलें. गुंटूर येथें वैद्यकाचें शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले, आणि पुढें सन १९८० मध्यें भारतीय प्रशासन सेवेंत दाखल झाले. आंध्र प्रदेशांतील प्रकाशम व पूर्व गोदावरी या जिल्ह्यांचे ते कलेक्टर होते.

सोळा वर्षांच्या नोकरीनंतर, सन १९९६ मध्यें, त्यांनीं राजीनामा दिला. मान, पगार व अधिकार हीं तिन्ही हातीं असतां हें कां केलें, असें कोणासही वाटेल. त्यांचें म्हणणें असें कीं, खेळाचे नियमच वांकडे असतील तर नुसते खेळाडू बदलून खेळ सुधारत नाहीं. आपण एक साधें उदाहरण घेऊं. जन्माचा दाखला किती दिवसांत द्यावयाचा याला मुदतच नसेल, तर कारकुनास उशीर करण्यास मोकळीक मिळते, आणि त्या उशिराचीच पुढें किंमत ठरते. एखादा कलेक्टर त्या कारकुनास धाक घालील; पण कलेक्टराची बदली होतांच सर्व पूर्ववत् होतें. तेंच, मुदत ठरलेली असली आणि ती टळल्यास नागरिकास भरपाई द्यावी लागत असली, तर कलेक्टर कोणीही असो, काम वेळेवर होण्याचा संभव पुष्कळ वाढतो.

म्हणून त्यांनीं सन १९९६ मध्यें हैदराबाद येथें "लोकसत्ता" ही चळवळ उभारली. (आपल्याकडील त्याच नांवाच्या वर्तमानपत्राशीं तिचा संबंध नाहीं.) नगरपालिकांनीं कोणतें काम किती दिवसांत करावें याची नागरिकांची सनद असावी, असा आग्रह या चळवळीनें धरला. परंतु तिचें अधिक दूरगामी काम निवडणुकीसंबंधींचें होय.

तें काम असें. उमेदवारावर फौजदारी खटले आहेत काय, त्याची मालमत्ता व कर्ज किती, शिक्षण किती, हें जाणण्याचा मतदारास हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें ता. २ मे २००२ रोजीं दिला. तो खटला दुसऱ्या एका संस्थेनें चालविला होता. या निर्णयानंतर त्याच वर्षीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, नव्या कायद्यानें सांगितलें तेवढीच माहिती उमेदवारानें द्यावी, न्यायालयानें अधिक मागितली तरी ती देण्याचें कारण नाहीं, असें ठरविण्यांत आलें. या दुरुस्तीविरुद्ध न्यायालयांत जाणाऱ्यांत लोकसत्ताही होती. ता. १३ मार्च २००३ रोजीं न्यायालयानें तें कलम रद्द केलें. तेव्हांपासून लोकसभेच्या व विधानसभेच्या प्रत्येक उमेदवारास ही सर्व माहिती शपथेवर लिहून द्यावी लागते.

एवढें झालें तरी कायदे करण्याची सत्ता निवडून आलेल्यांच्याच हातीं राहते. बाहेर राहून किती दिवस अर्ज-विनंत्या कराव्या? असा विचार होऊन सन २००६ मध्यें लोकसत्ता पक्ष स्थापन झाला. सन २००९ च्या निवडणुकींत डॉ. नारायण हैदराबाद शहरांतील कुकटपल्ली मतदारसंघांतून निवडून आले. परंतु २९४ जागांच्या त्या विधानसभेंत पक्षाचे ते एकटेच आमदार झाले. सन २०१४ मध्यें मलकाजगिरी येथून लोकसभेसाठीं उभे राहिले असतां ते पराभूत झाले, आणि सन २०१६ मध्यें पक्षानें निवडणुका लढविण्याचें सोडून दिलें.

असें कां व्हावें? याचें एक कारण गणितांत आहे. शंभर मतदारांपैकीं चाळिसांनीं एकास, पस्तिसांनीं दुसऱ्यास व पंचविसांनीं तिसऱ्यास मत दिलें, तर आपल्या पद्धतींत चाळीसवाला निवडून येतो आणि पंचविसांचे हातीं कांहींच लागत नाहीं. ज्या पक्षाचीं मतें सर्वत्र थोडथोडीं पसरलेलीं असतात, तो सर्वत्र हरतो. पुढील खेपेस मतदारही म्हणतो, "माणूस चांगला, पण माझें मत वायां जाईल." पैसा व जात यांचें बळ नसलेल्या नव्या पक्षास हा घाट चढणें फार कठीण जातें.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. आमदारकी पांच वर्षांनीं संपली. पण ज्या शपथपत्रासाठीं लोकसत्ता इतरांबरोबर झगडली, तें आज देशांतील प्रत्येक मतदारास पाहतां येतें. तथापि तें कोणी वाचलेंच नाहीं, तर न्यायालयाचा निर्णय कागदावरच राहील, हेंही तितकेंच खरें.

विद्यार्थिमित्रहो, आपणांपैकीं कोणी पुढें अधिकारी होतील, कोणी कदाचित् राजकारणांतही पडतील. परंतु अठरा वर्षें पूर्ण होतांच मतदार मात्र सर्वांनाच व्हावयाचें आहे. त्याची तयारी आजपासून होऊं शकते. पालकांस आमची विनंती आहे कीं, पुढील निवडणुकीच्या वेळीं आपल्या मतदारसंघांतील उमेदवारांचीं शपथपत्रें निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून काढून घ्यावीं, आणि सायंकाळीं घरांत मुलांसह बसून तीं वाचावीं. मुलें प्रश्न विचारतील. त्यांचीं उत्तरें देतांना आपलें मतही विचारपूर्वक ठरेल.