अर्धं बटण दाबून थांब

बयो, गणपतीत आलीस आणि माळ्यावरचा स्टीलचा डबा उघडून माझा जुना डिजिटल कॅमेरा घेऊन गेलीस. गौरींच्या गडबडीत मी नुसतं "जपून वापर गं" एवढंच म्हणाले. तेवढ्याने भागायचं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

तुझ्या मैत्रिणींना म्हणे या कॅमेऱ्यांच्या फोटोंचं वेड लागलंय. जळून पांढरंफटक पडलेलं आकाश, ट्यूबलाइटखाली हिरवट दिसणारी माणसं, फ्लॅशने चकाकणारी कपाळं, यावरून आम्ही चडफडायचो. तुम्ही तेच हौसेने शोधता. असो. पण यंत्र वीस वर्षांहून जुनं आहे आणि त्याच्या खोड्या मला ठाऊक आहेत.

तुझ्या बाबांनी तो २००१ साली सिंगापूरहून आणला तेव्हा शाळेत मी जणू विमान विकत घेतल्यासारखे सगळे बघायला आले होते. दोन मेगापिक्सेल, म्हणजे आडवे १६०० आणि उभे १२०० ठिपके. सोबत मिळालेलं कार्ड आठ एमबीचं. चांगल्या दर्जावर ठेवलं की त्यात जेमतेम आठ फोटो मावत. आठ! रोल घातला तर छत्तीस मिळायचे. "मग डिजिटलचा फायदा काय?" असं आमच्या मुख्याध्यापकांनी विचारलं होतं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आधी सेलचं बघ. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. दुकानातले साधे सेल घालू नकोस. कॅमेरा झूम पुढे काढताना आणि फ्लॅश भरताना एकदम जोराचा करंट ओढतो, तो साध्या सेलला झेपत नाही. दाब खाली येतो आणि कॅमेऱ्याला वाटतं, सेल संपले. तेच सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घाल, सहा महिने चालतील. मी असे कितीतरी सेल घड्याळांना पोसलेत. चार्जिंगचे निकेल-मेटल हायड्राइडचे घे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यांवर १.५, म्हणून ते कमी ताकदीचे असं समजू नकोस. ते दाब शेवटपर्यंत धरून ठेवतात. पूर्वी हे सेल नुसते ठेवले तरी महिनाभरात उतरायचे, त्यामुळे सहलीच्या आदल्या रात्री चार्जर लावणं हे देवापुढे दिवा लावण्याइतकं नेमाचं काम होतं. २००५ च्या अखेरीस सान्योने एनेलूप आणले आणि भरून ठेवलेले सेल महिनोन्‌महिने टिकू लागले. तसलेच घे. चारही एकाच वेळी विकत घेतलेले, एकाच वेळी भरलेले. एक जुना सेल बाकीच्या तिघांना खाली ओढतो.

काम झालं की सेल बाहेर. हे मी आळसाने केलं नाही, तेव्हा साधा सेल आत पाझरला आणि पत्र्यांवर पांढरी बुरशीसारखी पूड जमली. ती बुरशी नसते, सेलमधला क्षार असतो. त्याला बोट लावायचं नाही. इअरबडला लिंबाचा रस किंवा व्हिनेगर अगदी थेंबभर लावून पुसायचं, मग कोरड्या बडने, मग दिवसभर झाकण उघडं ठेवायचं. झाकणाची कडी तेव्हापासून सैल आहे, चिकटपट्टी लाव. आणि काही झालं तरी अंगाचे स्क्रू उघडू नकोस. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सेल काढल्यावरही तीनशेच्या आसपास व्होल्ट राहू शकतात. आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने धडा घेतलाय, तुला नको.

आता खरी गोष्ट. हा कॅमेरा मंद आहे. बटण दाबलं की तो आधी नेम धरतो, मग उजेड मोजतो, मग फोटो काढतो. तोवर मूल हसून झालेलं असतं. पहिल्या वर्षी मी तुझ्या काकाच्या लग्नात माळा घालतानाचा फोटो काढायला गेले आणि मला मिळाली गुरुजींची पाठ. अंतरपाट दूर झाला, माळा पडल्या, अक्षता पडल्या, मग कॅमेऱ्याने 'टक' केलं.

उपाय अर्ध्या बटणात आहे. बटण निम्मं दाबलं की तो नेम आणि उजेड दोन्ही धरून ठेवतो. बोट न उचलता थांबायचं. पुढचं निम्मं दाबलं की जवळपास लगेच फोटो. कसला फोटो पाहिजे हे घडण्याआधी ठरवायचं आणि तिथे जाऊन बसायचं, मांजर उंदराच्या बिळाशी बसतं तसं. मंगलाष्टकं चालू असतानाच अंतरपाटाच्या कडेवर नेम धरायचा. का ठाऊक आहे? हा कॅमेरा अंतर मोजत नाही, तो काळ्यापांढऱ्याचा भेद शोधतो आणि भेद सगळ्यात ठळक झाला की म्हणतो, सापडलं. कोऱ्या भिंतीवर, कोऱ्या पांढऱ्या कापडावर तो चाचपडत बसतो. अंतरपाटावर कुंकवाचं स्वस्तिक असतं, ते त्याला चटकन दिसतं, आणि वधूवर तेवढ्याच अंतरावर उभे असतात. शेवटच्या 'सावधान'ला बोट खाली. पुढची सगळी लग्नं मी अशीच काढली.

फोटो काढल्यावर लाल दिवा लुकलुकत असेल तोवर तो कार्डावर लिहीत असतो. तेव्हा कार्ड ओढायचं नाही, सेलचं झाकण उघडायचं नाही. दुसरा फोटो काढायची घाई करू नकोस, तो ऐकणारच नाही. आणि स्क्रीन बंद ठेवून वरच्या बारीक खिडकीतून बघायची सवय लाव, सेल दुप्पट पुरतील. फक्त ती खिडकी लेन्सच्या वर बसवलेली आहे, त्यामुळे अगदी जवळच्या वस्तूला ती फसवते. जवळचं काही काढताना स्क्रीनच लाव.

फ्लॅशबद्दल एक गंमत सांगते. शिमग्यात पालखी नाचवताना मी रात्री फोटो काढले. स्क्रीनवर बघते तर पालखीभोवती पांढरे गोल गोळे तरंगताहेत. शेजारच्या काकूंनी हात जोडले, देवी आली म्हणाल्या. मी विज्ञानाची बाई, पण भर शिमग्यात वाद कोण घालणार! ते गोळे म्हणजे गुलाल आणि धूळ. या छोट्या कॅमेऱ्यांत फ्लॅश लेन्सला इतका चिकटून असतो की नाकापुढच्या कणावर त्याचा उजेड पडून थेट लेन्समध्ये परततो, आणि कण जवळ असल्याने अंधुक गोळा होऊन उमटतो. पावसाच्या थेंबांचंही तेच. डोळे लाल येतात तेही याच शेजारापायी. शिवाय त्याचा उजेड तीनेक मीटरपलीकडे जात नाही, पालखी वीस हातांवर असेल तर तो फक्त पुढच्या माणसाचं टक्कल उजळतो. फ्लॅश बंद कर, कॅमेरा कठड्यावर टेकव आणि दहा सेकंदांचा टायमर लाव. आपल्या बोटाचा धक्काही मग लागत नाही. समईच्या उजेडातले माझे सगळे फोटो असेच आहेत.

मी हा कॅमेरा खरा वापरला तो फुलांसाठी. त्याचा सेन्सर नखाहून लहान आहे, त्यामुळे जवळच्या फुलाच्या पुढच्या पाकळीपासून मागच्या देठापर्यंत बरंच काही स्पष्ट येतं. मोठ्या कॅमेऱ्यांना ते सहज जमत नाही. वर्गातल्या मुलांना मी कासच्या पठारावर नेलं तेव्हा सीतेची आसवं आडवी पडून काढली. नेम धरताना कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते, त्यासाठी वहीचा पांढरा कागद दुसऱ्या बाजूला धरायचा, उजेड परतवायला. वारा असेल तर छत्रीचा आडोसा. हिरव्या पानांत एकटं तगरीचं फूल असेल तर कॅमेरा भोवतालच्या अंधाराला भुलून फूल जाळून टाकतो; तेव्हा वजा ०.७ करायचं. परडीभर मोगरा काढायचा तर उलट, तो सगळं राखाडी करतो, अधिक ०.७. जळलेला पांढरा रंग नंतर कोणीही परत आणू शकत नाही. निगेटिव्हमध्ये काहीतरी शिल्लक असायचं, इथे काही नसतं. कारवीची फुलं माझ्या फोटोंत निळी आली आहेत, डोळ्यांना ती जांभळीच दिसत होती. म्हणून रंग वहीत लिहून ठेवायचा, कॅमेऱ्याच्या साक्षीवर सोडायचा नाही.

लेन्स लहान असल्याचा आणखी एक फायदा. मलेशियाचे पक्षीनिरीक्षक लॉरेन्स पो यांनी १९९९ साली कूलपिक्स ९५० सारखा छोटा कॅमेरा पक्षी बघायच्या दुर्बिणीला टेकवला आणि जगभरचे पक्षीवाले त्या नादाला लागले. हे वाचल्यावर मी आमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा टेकवला. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी स्क्रीनवर आल्या, आणि मागच्या बाकावरची पोरंही पहिल्यांदा काहीतरी बघू शकली. आधी काळ्या वर्तुळात छोटं चित्र दिसतं. थोडा झूम कर, वर्तुळ बाहेर जातं. टीव्हीचा रिमोट कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबायचं, डोळ्यांना न दिसणारा उजेड स्क्रीनवर जांभळट लुकलुकतो. तो तास मुलं विसरली नसतील. शिवाय रिमोट बिघडलाय की त्याचे सेल संपलेत, तेही कळतं.

डिजिटल झूम लिहिलंय ना, तो कायमचा बंद ठेव. ती फोटोची कापाकापी आहे, झूम नव्हे. स्टुडिओत प्रिंट काढायला देशील तर लक्षात ठेव, कॅमेऱ्याचा फोटो चारास तीन या प्रमाणात असतो आणि कागद सहा बाय चारचा. उंचीतला साधारण नववा भाग कापला जातो. मुंजीत सगळ्यांची डोकी फ्रेमला टेकवून मी फोटो काढले आणि प्रिंटमध्ये मामाचा फेटा अर्धा गेला. मामा अजून बोलतात. वर-खाली मोकळी जागा सोड. पोस्टर काढायच्या भानगडीत पडू नकोस, दोन मेगापिक्सेलचा जीव पोस्टकार्डाएवढाच.

तारीख लाव. सेल बराच वेळ बाहेर राहिले की त्याचं घड्याळ मागे उड्या मारतं आणि तुझी यंदाची दिवाळी त्याच्या जन्मवर्षात जाऊन बसते. दुसरं, मेनूमध्ये फाइलचे नंबर चालू ठेवायचं निवड, दर कार्डाला एकपासून नको. एकपासून सुरू झाले की नवा ०००१ जुन्या ०००१ च्या बोडक्यावर जाऊन बसतो. कॉम्प्युटरने विचारलं होतं, 'बदलू का?' मी हो म्हटलं आणि एका सहलीचे फोटो गेले. कार्डावरून चुकून पुसलं गेलं तर मात्र घाबरू नकोस. त्या क्षणी कार्ड बाहेर काढ, नवा एकही फोटो काढू नकोस. फोटोरेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, त्याने बरेचदा परत मिळतात.

जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. खालच्या कपाटातले अल्बम लगदा झाले. सीडी मी एकेक धुऊन दोरीवर वाळवल्या, कपड्यांसारख्या चिमटे लावून. काही चालल्या, काहींचा वरचा पापुद्रा चिखलाबरोबर निघून आला. आजोबांचे शेवटच्या वर्षातले फोटो मात्र शाबूत राहिले, कारण त्यांची एक सीडी मी २००४ सालीच तुझ्या बाबांना पुण्याला धाडली होती, 'बघून परत कर' म्हणून. त्यांनी परत केली नव्हती. इतकी वर्षं मी त्यावरून दादाशी भांडणारच होते, ते राहून गेलं. तू काढशील त्याची एक प्रत इकडे मला दे.

केबल तुझ्या लॅपटॉपला बसायची नाही, शोधत बसू नकोस. कार्ड रीडर घे. कार्ड घालताना सरळ घाल, आत केसासारख्या पन्नास पिना आहेत, एक वाकली की सगळं अडलं. मोठ्ठं कार्ड घेऊन येऊ नकोस, दोन जीबीच्या वरचं बहुधा तो ओळखणार नाही. एसीच्या गाडीतून समुद्रावर उतरलीस तर पाचदहा मिनिटं पिशवीत गुंडाळूनच ठेव, नाहीतर लेन्सला घाम फुटतो. वाळूत मुळीच नको. बाहेर आलेल्या लेन्सच्या फटीत एक कण गेला की ती अडकते आणि मग घरघरते, तो आवाज मला अजून स्वप्नात येतो.

डब्यात सिलिका जेलची पुडी आहे. पावसाळाभर त्या पुडीनेच लेन्सला बुरशी येऊ दिली नाही. तांदळात ठेवू नकोस, पिठाची धूळ आत जाते. पुडीतले दाणे निळे असतील तर ठीक. गुलाबी झाले असतील तर जुन्या पत्र्यावर ठेवून मंद आचेवर गरम कर, परत निळे होतील. पोळ्यांचा तवा घेऊ नकोस, ते रसायन पोटात जायचं नाही. आणि तुझी आई मला बोलेल.