मोबाईलमधील मंजुरीवांचून खर्च

गेल्या खरीप हंगामांत एके दिवशीं सायंकाळीं सोनाळ्यांतील एक संत्रा-बागाईतदार आमचेकडे आले. ई-पीक पाहणीसाठीं त्यांनीं वावरांत उभें राहून पिकाचें छायाचित्र घेतलें होतें. परंतु तें कांहीं केल्या पुढें जाईना. दिवसाचा दीड जीबी डेटा संपल्याचा संदेश दुपारींच येऊन पडला होता. म्हणून त्यांनीं ज्यादा डेटाचा एक पॅक विकत घेतला, तो तासाभरांत संपला. दुसरा घेतला, त्याचीहि तीच गत. “भाऊसाहेब, म्या तं फोटोपुरता मोबाईल काढला, बाकी दिवसभर तो खिशातच व्हता. मंग नेट गेलं कुठी?” असा त्यांचा सवाल. कंपनीनें लबाडी केली, असें त्यांचें मत कायम झालें होतें, आणि मुदतीचे दोनच दिवस उरले होते.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. तत्पूर्वीं तलाठ्यानें शिवारांत फिरून पीक लिहावें अशी रीत होती. तो कितपत फिरे, हें महसूल खात्यांत कारकुनी केलेल्या आम्हांस न विचारलेलें बरें. आतां खातेदारानें आपल्या मोबाईलवरून पीक लिहावयाचें, आणि तीच नोंद सातबाऱ्याच्या गांव नमुना बारांत उतरते. अतिवृष्टीची मदत असो वा हमीभावानें माल घालणें असो, नोंद नसली म्हणजे कचेरीचे खेटे नशिबीं येतात. तेव्हां मोबाईलचा डेटा हा केवळ करमणुकीचा खर्च राहिला नसून, बियाण्या-खताप्रमाणें वहींत त्याचेंहि एक पान उघडलें पाहिजे.

सुदैवानें हें पान मोबाईल स्वतःच लिहीत असतो. आपण मात्र तें उघडून पाहत नाहीं. सेटिंगांत ‘नेटवर्क आणि इंटरनेट’ व त्याखालीं डेटा वापर असें सदर असतें (कंपनीपरत्वें नांवें थोडीं निराळीं). तेथें कोणत्या ॲपनें किती डेटा खाल्ला, याची उतरत्या क्रमानें यादी मिळते. बागाईतदारांच्या यादींत अग्रस्थानीं ई-पीक पाहणी नव्हती, व्हॉट्सॲपहि नव्हतें. होतें तें छायाचित्रें परस्पर साठवून ठेवणारें ॲप. त्यांच्या चिरंजिवांनीं चुलत बहिणीच्या लग्नाचे मोठमोठे व्हिडिओ त्याच मोबाईलवर घेतले होते, आणि ते मोबाईल डेटावरहि चढवावे अशी मोकळीक त्या ॲपास केव्हांतरी दिली गेली होती. नवा पॅक आला कीं तें ॲप प्रथम धांवे. धरणाचा पाट सुटला असतां मुखाकडील वावरें पाणी पिऊन घेतात व शेवटच्या टोकास धुरा ओला होत नाहीं, तसाच हा प्रकार.

पडदा काळा असला तरी मोबाईल निजलेला नसतो. व्हॉट्सॲपच्या गटांत आलेलीं चित्रें व व्हिडिओ तो आपोआप उतरवून घेतो, ॲपांच्या नव्या आवृत्त्या आणतो, टपाल तपासतो, ठावठिकाणा कळवितो, जाहिराती भरून ठेवतो. या सर्वांस पार्श्वभूमींतील वापर म्हणतात. दिवसाचा वांटा संपल्यावर बहुतेक पॅकांत वेग ६४ केबीपीएसवर येतो. हे किलोबिट होत. आठांनीं भागिलें असतां सेकंदास ८ किलोबाइट पडतात. तीन एमबीचें एक छायाचित्र पाठविण्यास, वाट सर्वस्वी मोकळी असली तरी, सहा मिनिटांहून अधिक लागतात. आणि डोंगराच्या पायथ्याशीं रेंज जेमतेम, त्यांत लग्नाचे व्हिडिओ वाटेंत उभे. मग तें जाणार कसें?

पूर्वीं हें नुकसान उघड दिसे. सुमारें दहा वर्षांपूर्वीं आमचा पॅक संपला असतां एका रात्रींत शिलकेंतील दोनशें रुपये नाहींसे झाले. पॅकाबाहेर १० किलोबाइटास ४ पैसे असा दर त्या काळीं आम्हांस लागत असे. पैशांत तो हलका दिसतो; पण हिशेब केला तर एका एमबीस चार रुपये दहा पैसे होतात, म्हणजे दोनशें रुपयांत जेमतेम ४९ एमबी. आजचा दीड जीबी त्या दरानें घ्यावयाचा तर सहा हजारांवर रुपये मोजावे लागते! ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ बाजारांत आल्यानंतर दर कोसळले. आतां शिलकेवर एकदम धाड सहसा पडत नाहीं, तर वीस-पंचवीस रुपयांच्या पॅकांनीं खिसा हळूहळू झिजतो, म्हणूनच तें लक्षांत येत नाहीं.

दोष कोणाचा? बागाईतदारांच्या प्रकरणांत मोबाईल कंपनीनें डेटा दिला होता व तो खर्चहि झाला होता. तेथें लबाडी नव्हती. आमच्या मतें मुख्य दोष ॲप व मोबाईल बनविणारांचा. ते सर्व दारें उघडीं ठेवून माल हातीं देतात, आणि मालकानें एकेक शोधून बंद करावें अशी अपेक्षा करितात. कचेरींत मंजुरीवांचून चार आण्यांचा खर्च पडला तर कारकुनास जाब द्यावा लागे. येथें जाब विचारणारा कोणी नाहीं. अगदींच नाहीं असेंहि नव्हे. अमेरिकेंत कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें १ जुलै २०२५ रोजीं ज्यूरीनें गूगलविरुद्ध निकाल दिला. अँड्रॉइड मोबाईल स्वस्थ पडले असतां मालकांच्या पैशाचा डेटा त्यांच्या संमतीवांचून वापरला, असा तो दावा. २०१९ सालीं सुमारें १ कोटी ४० लक्ष रहिवाशांच्या वतीनें लावलेला. भरपाई ठरली ३१ कोटी ४६ लक्ष डॉलर. कंपनीनें अपील करण्याचें जाहीर केलें.

आपल्या हातीं आहे तें असें. यादींतील पहिल्या चार-पांच ॲपांवर एकेक करून बोट ठेवावें व बॅकग्राउंड डेटा बंद करावा. व्हॉट्सॲपचा मात्र बंद करूं नये, नाहीं तर संदेश ॲप उघडीपर्यंत येत नाहींत. त्याऐवजीं त्याच्या सेटिंगांत ‘स्टोरेज आणि डेटा’ येथें मोबाईल डेटावर चित्रें-व्हिडिओ आपोआप उतरविणें थांबवावें. प्ले स्टोअरमध्यें नव्या आवृत्त्या केवळ वायफायवर घ्याव्या, असें ठरवावें. त्या अजिबात थांबवूं नयेत, कारण बँकेचें ॲप जुनें ठेवणें धोक्याचें. घरीं वायफाय नसेल तर दिवसाचा उरलेला वांटा रात्रीं कामीं आणावा. तसाहि तो मध्यरात्रीं बुडतोच. ‘डेटा सेव्हर’ चालू केल्यास एका कळींत बहुतेक दारें मिटतात. दोन सिम असणारांनीं, एकाचा डेटा संपतांच मोबाईल परस्पर दुसऱ्यावर जातो कीं काय, हेंहि पाहावें. बागाईतदारांनीं त्याच रात्रीं दारें मिटलीं, सकाळीं उठतांच प्रथम पीक पाहणी चढविली, आणि ती दोन मिनिटांत गेली. दोन पॅकांचे पैसे अर्थात् गेले ते गेले.

ज्यांस इंटरनेट नकोच आहे, त्यांच्यासाठीं ट्रायनें २०१५ सालीं १९२५ हा निःशुल्क क्रमांक ठरविला. त्यावर इंग्रजींत ‘स्टॉप’ लिहून पाठविल्यास डेटा बंद व्हावा असा नियम. पुढें २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीनें केवळ बोलणें व संदेश यांचे, डेटाविरहित व्हाउचर देणें कंपन्यांस भाग पडलें. घरांतील वृद्धांच्या साध्या मोबाईलसाठीं दुकानदाराकडे तेंच मागावें. तो आपण होऊन बहुधा सांगत नाहीं.

यादी पाहूनहि हिशेब जुळत नसेल, तर १९८ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. उत्तर समाधानकारक नसेल तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जातां येतें, व तेथें तो क्रमांकच विचारतात. म्हणून तारखेसह तो वहींत लिहून ठेवावा, आणि डेटा वापराच्या त्या पानाचें छायाचित्रहि, महिना पालटून आंकडे पुसले जाण्यापूर्वीं, काढून ठेवावें.