आभासी यंत्र आणि डिस्कचा कंट्रोलर

चंडीगढच्या आराखड्यात ल कॉर्बुझिए यांनी रस्त्यांच्या सात श्रेणी कल्पिल्या. परगावाहून शहरात येणारा महामार्ग ही पहिली श्रेणी, तर हिरवळीतून जाणारी पाऊलवाट ही सातवी. सुमारे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशा सेक्टरच्या कडेने वेगवान रहदारीचा रस्ता जातो. त्यावर कोणत्याही घराचे दार उघडू नये, असा दंडक होता. घरातून निघालेल्या माणसाला लहान रस्ता, सेक्टरातील रस्ता आणि ठरावीक चौक ओलांडूनच तेथे पोहोचावे लागते. चौक अरुंद असेल, तर पुढचा रस्ता प्रशस्त असूनही व्यर्थ.

संगणकातील माहितीचा प्रवास असाच टप्प्याटप्प्याने होतो, आणि त्यातील महत्त्वाचा चौक म्हणजे डिस्कचा कंट्रोलर. आभासी यंत्राच्या बाबतीत या चौकाचे स्वरूप वेगळे असते. एकाच प्रत्यक्ष संगणकावर अनेक संगणकांचा आभास निर्माण करण्याचे तंत्र जुने आहे. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० प्रणालीत मोठ्या डिस्कचे भाग पाडून प्रत्येक वापरकर्त्यास स्वतंत्र डिस्क असल्याचा प्रत्यय दिला जाई. आज अशी डिस्क पुष्कळदा यजमान संगणकावरील एक मोठी फाइल असते. आत चालणाऱ्या पाहुण्या प्रणालीला ती खरी डिस्क वाटते, कारण मध्ये कंट्रोलर उभा असतो. हा कंट्रोलर विद्युत्‌मंडल नसून एक प्रोग्रॅमच असतो.

त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला जुन्या यंत्रभागाची हुबेहूब नक्कल करतो. त्याचा ड्रायव्हर बहुतेक प्रणालींत आधीपासूनच असल्यामुळे तो विनासायास चालतो. परंतु पाहुण्या प्रणालीने त्याला दिलेल्या आज्ञांसाठी यजमानाला वारंवार मध्ये पडावे लागते. शिवाय मूळ यंत्रभागाच्या मर्यादाही सोबत येतात. आयडीईच्या दोन मार्गिकांवर मिळून चारच उपकरणे बसतात. साटाच्या एका डिस्कसाठी रांगेत अधिकाधिक ३२ आज्ञा राहू शकतात. दुसरा प्रकार सहकाराचा. व्हर्टआयओ किंवा पीव्हीएससीएसआय या कंट्रोलरांत आपण आभासी यंत्रात आहोत हे ड्रायव्हरला ठाऊक असते. तो अनेक मागण्या सामाईक स्मृतीत मांडून ठेवतो आणि एकाच इशाऱ्याने यजमानाला कळवतो. त्यामुळे खेपा वाचतात.

मग सर्वत्र दुसराच प्रकार का निवडू नये? समजा, एका ग्रंथालयाची देवघेवीची नोंद आभासी यंत्रावर ठेवली आहे. वेग वाढावा म्हणून यंत्र बंद करून थेट नवा कंट्रोलर नेमला, तर पाहुण्या प्रणालीत त्याचा ड्रायव्हर नसल्यास ती स्वतःचीच डिस्क ओळखणार नाही व सुरूच होणार नाही. यास्तव क्रम पाळावा. आधी सर्व माहितीची प्रत काढावी. नंतर नव्या कंट्रोलरवर एक लहान, रिकामी डिस्क जोडून यंत्र सुरू करावे व ड्रायव्हर बसवावा. ती डिस्क नीट दिसू लागल्यावरच मूळ डिस्क नव्या कंट्रोलरवर न्यावी.

वेगाहून मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. ग्रंथपालाने परत आलेल्या पुस्तकाची नोंद केली, की पाहुणी प्रणाली खाली विचारते: हे कायमचे लिहून झाले का? यजमानाने मजकूर काही काळ स्मृतीत ठेवून मग लिहिणे हा दोष नव्हे. मात्र हा प्रश्न आल्यावर त्याने सारे डिस्कवर उतरवूनच होकार दिला पाहिजे. काही प्रणालींत वेगासाठी हा प्रश्न दुर्लक्षिण्याची सोय असते. ती चाचणीपुरतीच वापरावी. अशा वेळी वीज गेली, तर झाली म्हणून सांगितलेली नोंद नाहीशी होते, आणि पुस्तक परत करणारा वाचक निष्कारण दोषी ठरतो.

माहिती आणि तिची रोजनिशी वेगळ्या कंट्रोलरांवर ठेवल्यास रांगा विभागल्या जातात. परंतु खाली प्रत्यक्ष डिस्क एकच व मंद असेल, तर त्याचा लाभ थोडाच. चौक वाढवले, तरी पलीकडचा रस्ता एकच राहतो. म्हणून निवड करताना तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात: लिहिलेले टिकते का, पाहुण्या प्रणालीला कंट्रोलर ओळखता येतो का, आणि मगच, तो किती वेगवान आहे.