नासलेल्या जमिनीची किंमत

आमच्या दुधनीच्या बाजारात तुरीचे मूठभर दाणे हातावर घेतले की अडत्या क्षणात भाव सांगतो. जमिनीचे तसे नाही. नासलेल्या जमिनीचे तर मुळीच नाही. माझ्या काकांचे चार एकर काळे रान ओढ्याकाठी आहे. वरच्या अंगाच्या एका मद्यार्क कारखान्याचे पाणी ओढ्यात उतरले, विहीर तांबूस झाली, रान चोपण पडू लागले. एका वर्षाच्या पिकाइतकी रक्कम देऊन काकांची सही घेण्यात आली. "मिळतंय ते घ्या," असे सर्वांनीच सांगितले, मीही. अर्थशास्त्राच्या अभ्यासाला लागल्यावर तो सल्ला मला खुपू लागला.

एक लिटर मद्यार्कामागे ८ ते १५ लिटर सांडपाणी निघते. त्यात क्षार पुष्कळ. हे नुकसान एका हंगामाचे नव्हे.

मग मोजायचे कसे? सरळ मार्ग खरेदीखतांचा. परंतु मुद्रांक शुल्क वाचविण्यासाठी खतात रक्कम कमी दाखविण्याची आपल्याकडील रीत सर्वश्रुत आहे. शिवाय प्रदूषणानंतरचे व्यवहार धरले, तर नासाडी जितकी जास्त तितकी भरपाई कमी! म्हणून झळ न पोचलेल्या शेजारच्या शिवारातील तशाच मातीचा भाव धरावा लागतो. २०१३ चा भूसंपादन कायदा बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम देतो खरा. पण तो जमीन घेतली तर. येथे जमीन काकांचीच राहते, फक्त पिकत नाही.

दुसरा मार्ग उत्पन्नाचा. समजा, एकरी निव्वळ उत्पन्न २०,००० रुपये होते आणि रान सुधारण्यास पाच वर्षे लागणार. बुडीत उत्पन्न १ लाख. सुधारणेचा खर्च ६०,००० धरला तर एकरी १,६०,००० रुपये. पुढील वर्षांच्या रकमेतून व्याज वजा केले तर थोडे कमी. काकांच्या पदरी या हिशेबाने २०,००० पडले. यात जमिनीच्या भावातील घट मात्र मिळवायची नाही, कारण भाव म्हणजे पुढील उत्पन्नाचाच आकडा. माझ्या कच्च्या टिपणात ही चूक सरांनी लाल शाईने दाखविली.

राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांमुळे नासल्या, तेव्हा १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सफाईचा खर्च कारखानदारांवरच टाकला. २०११ साली तो ३७.३८५ कोटी रुपये आणि वर चक्रवाढ व्याज असा कायम झाला.

वाटेकऱ्याचा आणि खुरपणीला येणाऱ्या बायकांचा रोजगारही त्याच रानात बुडाला. सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते, म्हणून कोणत्याच रकान्यात ते येत नाहीत. मला ही उणीव सर्वांत मोठी वाटते.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यानुसार भरपाईचा अर्ज कारण उद्भवल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. पुण्यास त्याचे खंडपीठ आहे. काकांची विहीर तांबूस झाल्याला येत्या पावसाळ्यात चार वर्षे होतील. त्या सहीने वाट बंद झाली की काय, हे वकिलांना विचारायचे आहे. तूर्त तलाठ्याकडे आधीच्या दहा वर्षांच्या पीकपाहणीचे उतारे मागितले आहेत.