वाट्याची म्हैस, निरसं दूध

प्रश्न : आम्ही तीन कुटुंबं मिळून गावातल्या शेतकऱ्याकडे वाट्याने म्हैस ठेवतोय. दूध घरचंच, मग निरसं प्यायलं तर चालेल ना?

उत्तर : नाही, उकळूनच प्या. धडधाकट दिसणाऱ्या जनावराच्या दुधातूनही ब्रुसेलोसिस आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात. खरेदीआधी पशुवैद्यकाकडून या दोन्ही तपासण्या करून घ्या. कानातला 12 अंकी बिल्ला आणि लसीकरणाची नोंद पाहा. धार काढण्यापूर्वी सड धुऊन कोरडे करायला सांगा. प्रतिजैविकं दिली असतील, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस दूध वापरू नका.

विण्याआधी साधारण 2 महिने म्हैस आटवावी लागते. तेव्हा दूध नसतं, वैरण-पेंड मात्र लागतेच. तो खर्च, विमा आणि रेडकावरचा हक्क आधीच कागदावर लिहून ठेवा.