श्वास सगळ्यांचे वीस

नगर,
रविवार दुपार

चि. छकुलीस,



फोनच करणार होते. दोनदा नंबर लावला आणि तू उचलायच्या आत बंद केला. फोनवर माझा आवाज चढतो, मग तू गप्प होतेस, अगदी तुझ्या आईसारखी, आणि बोलायचं ते राहूनच जातं. म्हणून कागद घेतला. उपासनेहून आले ती तशीच बसले आहे, साडीसुद्धा बदललेली नाही.

पलीकडच्या गल्लीतल्या बाई तुला माहीत आहेत. त्यांची सून तुझ्याच हॉस्पिटलात आहे. आज चर्चच्या फाटकापाशी त्यांनी मला थांबवलं आणि हसत हसत म्हणाल्या, "तुमच्या भाचीच्या वॉर्डात म्हणे रात्री सगळ्यांचे श्वास वीसच असतात." मला आधी कळलंच नाही. मीही हसले. कोपऱ्यापर्यंत आले आणि मग कळलं. तिथेच, रसवंतीपाशी, भिंतीला हात टेकून उभी राहिले.

त्या एवढंही म्हणाल्या होत्या की इन्चार्ज सिस्टरनं तुला बोलावून चार्ट समोर ठेवले. रात्री दोनचे आणि पहाटे सहाचे. ताप वेगवेगळा, नाडी वेगवेगळी, आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस.

खोटं असेल तर मला एका ओळीत कळव. मी त्या बाईंच्या घरी जाऊन सांगून येईन आणि तुझीही माफी मागेन. पण छकुली, मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत. लोक अफवा उठवतात त्या पैशाच्या, नाही तर कुणाच्या लग्नाच्या. वीस हा आकडा चार्ट पाहिलेल्यालाच सुचतो.

तुझ्या आईला मी काही बोललेले नाही. तूही बोलू नकोस. तिचं बीपी आत्ता कुठे ताळ्यावर आलंय.

गेल्या महिन्यात तरुण संघाच्या सभेत तू साक्ष दिलीस, त्याचा व्हिडिओ मी चारदा पाहिला. नर्सिंगच्या प्रवेशाला पैसे कसे उभे राहिले, प्रभूनं कसं दार उघडलं, हे तू सांगत होतीस आणि मी इथे डोळे पुसत होते. त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. ते पैसे गोळा करताना मीही होतेच की. तुझ्या आईनं बांगड्या मोडल्या त्या दिवशी सराफाच्या दुकानात मीच तिच्याबरोबर होते. पण ते दार कशासाठी उघडलं गं? रात्री दोन वाजता एखाद्या निजलेल्या माणसाच्या खाटेपाशी कुणीतरी एक मिनिट उभं राहावं, यासाठीच ना? साठ सेकंद, छकुली. माईक हातात घेऊन तू बारा मिनिटं बोललीस.

लागलं असेल हे. लागू दे.

बीपी आता मशीन घेतं. बोटाला चिमटा लावला की ऑक्सिजन दिसतो. जनरल वॉर्डात श्वास मात्र अजून डोळ्यांनीच मोजावे लागतात. मनगट हातात तसंच धरून ठेवायचं, म्हणजे पेशंटला वाटतं नाडीच चालली आहे, आणि नजर छातीवर. मोजतायत असं कळलं की माणसाचा श्वास बदलतो. हे तुलाही शिकवलं असेलच. म्हणून तर सगळ्यात आधी तोच रकाना बुडतो. नाडी घेतली नाही तर पेशंट म्हणेल, सिस्टरनं हात धरला नाही. श्वास मोजले की नाही हे त्यालाही ठाऊक नसतं. ठाऊक असतं फक्त तुला आणि वरच्याला. माझ्या मते आपला विश्वास त्या रकान्यात राहतो. साक्षीच्या सभेत तो दिसतो, एवढंच.

तुझ्या आजीची एक गोष्ट सांगते. तुझ्या आईला ती आठवत नसेल, ती तेव्हा सहा वर्षांची होती. 1972 चा दुष्काळ. आमचे वडील खडी फोडायच्या कामावर, आणि रेशनवर लाल मिलो. त्याची भाकरी थापताना फुटायची, घशाखाली उतरायची नाही. तुझ्या आजीची एक रीत होती. पीठ मळायच्या आधी एक मूठ बाजूला, डालड्याच्या जुन्या डब्यात. रविवारी तो डबा मंडळीत रिकामा व्हायचा, पाळकांच्या घरासाठी. सुकाळात सगळ्याच बाया हे करायच्या. दुष्काळात एकेकीचा डबा बंद झाला, आणि कुणी कुणाला नावं ठेवली नाहीत. मी सतरा वर्षांची, सतत भुकेली, म्हणून मी आईच्या मुठीकडे टक लावून बघायचे. मला बघायचं होतं की मूठ लहान होते का. तिला कुणी मोजायला बसलं नव्हतं. बोटं जराशी आवळली असती तर दिवसाला निदान अर्धी भाकरी वाढली असती. रोज बघितलं मी. मूठ तेवढीच होती. एकदा तिनं मला बघताना बघितलं. काही बोलली नाही, डब्याचं झाकण लावलं आणि स्वतःची अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकली.

मला तेव्हा तिचा राग आला होता. अजूनही कधीकधी वाटतं, त्या वर्षी तिनं डबा बंद ठेवला असता तर प्रभूनं काही म्हटलं नसतं. पण तिची मूठ मी विसरू शकत नाही, आणि तू तिची नात आहेस.

केडगावला गेलो होतो ते आठवतं का तुला? दौंड-पुणे लाइनवरचं, आपल्या नगरशेजारचं नव्हे. तू सातवी-आठवीत असशील, ऊन लागलं म्हणून रडत होतीस. मुक्ती मिशनमध्ये मी तुला पंडिता रमाबाईंच्या मराठी बायबलाबद्दल सांगायला गेले तर तू पाणी मागितलंस. आता ऐक. त्या बाईनं भाषांतरासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं आणि कितीतरी वर्षं ते काम धरून ठेवलं. 1921 मध्ये तिची मनोरमा गेली, एकुलती एक मुलगी, आश्रमाचा उजवा हात. म्हातारपण, ऐकू येणं कमी झालेलं, आणि तरी काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. छापखाना मुक्तीचाच, खिळे जुळवायला आश्रमातल्याच मुली. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, ते उलटं वाचत एकेक उचलून ओळ लावायची. एखादी वेलांटी सुटली असती तर कुणाच्या लक्षात आलं असतं? मला त्या पुस्तकाकडे बघताना रमाबाईंच्या आधी त्या मुली आठवतात, ज्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत.

पण तुला हे सगळं मी का सांगते आहे? रात्री दोनला तू त्या खाटेपाशी उभी राहिलीस का, हेच मला विचारायचं आहे, आणि मी आजूबाजूला फिरते आहे. खरं सांगायचं ते अजून लिहिलंच नाही.

1978 चा जानेवारी. मी तेवीस वर्षांची, पुरुषांच्या वॉर्डात नाइट. ऊसतोडीला आलेला पाथर्डीकडचा एक म्हातारा खोकला-तापानं दाखल झाला होता. दोनच्या फेरीला मी त्याचा ताप घेतला, नाडी घेतली. श्वास मोजायचे तर गोधडी छातीवरून खाली करावी लागली असती. तो नुकता निजला होता. टेबलाशी मैत्रीण चहा गाळत होती. मी गोधडीला हात लावला नाही. वीस लिहिलं. सहालाही वीस.

सकाळी डॉक्टरांनी चार्टवर नजर टाकली आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. ताप थोडा उतरलेला, श्वास वीस, मग थांबायचं कशाला? दुपारी त्याची नखं निळी पडली. न्यूमोनियात श्वास ताप-नाडीच्या आधी बोलतो, हे मी परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळवले होते. तिसऱ्या दिवशी तो गेला.

त्याची बायको व्हरांड्यात पोतं अंथरून झोपायची. मढं न्यायची तयारी चालली असताना ती मला हुडकत आली. पदराची गाठ सोडली, गुळाचा एक खडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, "बाई, माझ्या मानसासाठी तू रातभर जागलीस."

तो गूळ मला खाववला नाही आणि टाकवलाही नाही. कागदात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. पावसाळ्यात त्याला पाणी सुटलं आणि खालच्या पांढऱ्या युनिफॉर्मवर तांबूस डाग पडला. कितीदा भिजवला, उन्हात घातला. फिका झाला, गेला नाही.

तो म्हातारा कदाचित तसाही गेला असता. पण मला ते कधीच कळणार नाही. त्या रात्री तो मिनिटाला किती श्वास घेत होता हे जगात कुठेच लिहिलेलं नाही. तिथे माझा वीस आहे.

मी मेट्रनना सांगितलं नाही. तुझ्या काकांनाही नाही, ते जाईपर्यंत नाही. प्रभूला सांगितलं, आणि त्यानं क्षमा केली यावर माझा विश्वास आहे. पण त्या बाईला मी गाठलं नाही. गावाचा पत्ता रजिस्टरमध्ये होता. एसटीनं दीड तासाचा रस्ता. पुढच्या महिन्यात जाईन म्हणता म्हणता किती वर्षं गेली. तुला सांगते आहे, छकुली, तूच पहिली.

तेव्हापासून मी मोजते. एसटीत शेजारी कुणी पेंगलं की मोजते. चर्चमध्ये पुढच्या बाकावरच्या आजोबांचे मोजते. काकांच्या शेवटच्या आठवड्यात रात्रभर मोजायचे. अठ्ठावीस, एकतीस, चौतीस, आणि मग मधलं अंतर वाढत गेलं. कुठल्याही चार्टवर लिहायचे नव्हते ते आकडे, पण मी वहीत लिहिले. वही कपाटात आहे.

मघाशी रागात लिहिलेलं फाडून पुन्हा लिहावं असं आता वाटतं आहे. राहू दे. चाळीस खाटांना तुम्ही दोघीजणी असता हे मला ठाऊक आहे. पहाटे तीननंतर पाय भरून येतात, डोळे मिटतात, त्यात एखादा नातेवाईक अंगावर ओरडून जातो. गेथशेमाने बागेतल्या रात्री शिष्यसुद्धा झोपलेच ना? आणि त्यांना उठवताना प्रभूनं त्यांच्या थकलेल्या शरीराची बाजूही घेतली. ते वाचताना मला आता तू दिसतेस, खुर्चीत मान कलंडलेली, हातात पेन.

म्हणून एवढंच कर. नाही जमलं तर रकाना कोरा ठेव. कोऱ्या रकान्यासाठी बोलणी खावी लागतील, ती खा. कोरा दिसला तर सकाळची सिस्टर स्वतः मोजेल. वीस दिसला तर मोजणार नाही. आणि इन्चार्ज सिस्टरनी पुन्हा बोलवायच्या आत तूच जा आणि सांग, हे मी भरलं आहे, न मोजता. मेमो मिळाला तर मिळू दे. मी तेव्हा गेले नाही गं. तुला जड वाटलं तर मी पुण्याला येते. आत तुझ्याबरोबर येणार नाही, बाहेर बाकावर बसेन.

रात्री दोनला मला अजून आपोआप जाग येते, सवयच जडली आहे. तेव्हा मी तुझं नाव घेऊन प्रार्थना करते. मोजून झालं की मिस कॉल दे, असं लिहिणार होते. नको, तो पहारा होईल. पण कधी त्या वेळी कुणाशी बोलावंसं वाटलं, तर लाव. झोपमोड होईल म्हणून भिऊ नकोस, मी जागीच असते.

नाइट संपली की आधी खा, मग झोप. उपाशी झोपायची तुझी खोड मला माहीत आहे.

तुझी,
मावशी

ता. क. शेंगदाण्याचे लाडू केले आहेत, मंगळवारी शेजारचा मुलगा पुण्याला येतोय त्याच्याकडे देते. तुझ्याबरोबर नाइटला जी असते तिलाही दे. गुळातले आहेत, डब्याचं झाकण घट्ट लाव, हवा लागली की पाझरतात.